अण्णांचा बरानकोट आणि आईची छत्री

आमच्या घरात लोकरीची म्हणून जेवढी वस्तू होती ती सगळी एका वर्षी मी विमानानं पोर्तुगालला पाठवली, आणि ती थंडी आम्ही मायलेकींनी दिघीत गोणपाट पांघरून काढली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी नात ही गोष्ट कुणाकुणाला सांगत असते आणि दर वेळी तीत थोडा मीठमसाला घालते. मूळ गोष्टीतच इतका मूर्खपणा आहे की वरून घालायची गरज नाही.

आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांच्या मागं मिलिटरीची मोकळी जमीन होती. तारेच्या कुंपणापलीकडं नुसता माळ, वाळलेलं गवत, आणि अधूनमधून गोळीबाराच्या सरावाचा आवाज. नवीन माणूस दचकायचा. आम्ही तो आवाज ऐकून भाकरी उलटायचो. पहाटे भोसरीकडून कंपनीचा भोंगा व्हायचा, मग अंगणात तांब्याच्या बंबात काटक्या कडकडायच्या, मग आमच्या घरमालकीण गजराकाकू म्हशीशी भांडायला लागायच्या. तो क्रम कधी चुकला नाही. दिवाळी संपली की माळावरून जे वारं सुटायचं ते दाराच्या फटीतून आत येऊन थेट पांघरुणात शिरायचं. माझी आई दाभोळकडची, खाडीच्या तोंडावरच्या गावातली. तिनं लग्नाआधी थंडी नावाची गोष्ट फक्त ताप आल्यावर अनुभवली होती. दिघीच्या पहिल्या हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत घट्ट झालेलं बघून, आपल्याला कुणीतरी तुपाची बाटली विकली असं तिला वाटलं होतं म्हणे. माझ्या आठवणीत ती रोज सकाळी ती बाटली उन्हात ठेवायची आणि म्हणायची, "आमच्याकडं तेलसुद्धा इतकं घाबरून राहत नाही."

जेवणही घरात दोन हवामानांचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचे. थंडीत त्यांना बाजरीची गरम भाकरी, तिळाची चटणी आणि लसणाचा ठेचा लागायचा. आईला बारा महिने कोकमाचं सार लागायचं. हवा गार असो की गरम, ती साराची वाटी तोंडाला लावायची आणि डोळे मिटायची, की झालं तिचं माहेर. धाकटी शकू आणि मी दोन्हीकडून खायचो आणि दोन्ही पक्षांना तुमचंच चांगलं म्हणून सांगायचो.

अण्णा पिंपरीच्या एका कंपनीत साचेघरात होते. प्लास्टिकच्या बादल्या, डबे, मगे ज्या लोखंडी साच्यातून निघतात ते साचे घासून नेमके करायचं त्यांचं काम. एके दिवशी ते शिफ्ट संपवून आले ते चप्पल न काढताच घरात. आई काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "मला पोर्तुगालला पाठवतायत." कंपनीनं तिकडून नवीन मशीन घेतलं होतं. ते चालवायला आणि त्याचे साचे करायला शिकून यायचं, समुद्राकाठच्या एका गावात राहून. दिवाळी झाल्यावर निघायचं, होळीनंतर परत. त्या गावाचं नाव अण्णांनी आयुष्यभर वेगवेगळ्या प्रकारे उच्चारलं, त्यामुळं ते इथं देण्यात अर्थ नाही. शिकून आले तर मशीन त्यांच्या ताब्यात, म्हणजे बढती. नाही जमलं तर पुन्हा कानस आणि साचा.

मी तेव्हा दहावीत होते आणि माझ्याइतका भूगोल पुणे जिल्ह्यात कुणाला येत नाही अशी माझी समजूत होती. ही समजूत एकट्या माझीच होती, पण घट्ट होती. राजधान्या पाठ, नद्या पाठ, कुठं काय पिकतं ते पाठ. पाहुणे आले की अण्णा कौतुकानं मला उभं करायचे आणि मी पाहुण्यांचा चहा थंड होईपर्यंत बोलायचे. आता वडील चालले पोर्तुगालला म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीत भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोऱ्याचं एक टोक पोर्तुगालवर धरलं, दुसरं आडव्या सरळ रेषेत भारताकडं आणलं. दोरा काश्मीरच्या डोक्यावरून गेला. काश्मीरमध्ये बर्फ पडतं हे शकूलाही माहीत होतं. मग त्याच्याही वर काय पडत असेल?

घरी येऊन मी जाहीर केलं, "अण्णा, तिथं हाडं गोठतील."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्राकाठचं गाव ना गो? मग कसली हाडं गोठतायत. समुद्र जवळ असला की हवेला धीर असतो. तो ना धड तापू देत, ना धड गारठू देत."

"आई, तो तुझा दाभोळचा समुद्र. हा अटलांटिक महासागर आहे."

"पाणीच ना?"

"तू नकाशा बघितलायस का?"

"मी समुद्र बघितलाय." आईनं एक खडा अंगणात भिरकावला. "अहो, तुम्ही आपली छत्री घ्या बरोबर."

यावर मी इतकी हसले की शकूही हसायला लागली, कारण न कळता. दिवाळीनंतर छत्री. पाऊस गणपतीत झोडपतो, दसऱ्याला रेंगाळतो आणि मग ज्येष्ठापर्यंत तोंड दाखवत नाही, हे आमच्या म्हशीलाही ठाऊक होतं. थंडी म्हणजे कोरडी, अशी आमच्या अख्ख्या माळाची धारणा. शिवाय आईचं छत्रीप्रेम प्रसिद्ध होतं. ती वैशाखातल्या लग्नालाही छत्री घेऊन जायची आणि विहिणीनं टोचून विचारलं तर म्हणायची, असू दे, हातात बरी वाटते. तेव्हा तिच्या बोलण्यात हवामानाचं ज्ञान किती आणि नुसती सवय किती, हे मला आजही सांगता येणार नाही. छत्रीबरोबर तिनं कोकमंही बांधायला काढली होती, तिकडं ऊन लागलं तर म्हणून.

याच दिवसांत साताऱ्याहून आत्या आली होती. तिनं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा एसटीत कंडक्टर, घरी ऊस. दहावी झाली की उरकून टाकू, असं तिचं म्हणणं. मला अकरावीला पिंपरीत कॉलेजला जायचं होतं. अण्णा नेहमीप्रमाणं दोघींच्या मध्ये मान डोलवत बसले होते. "बघू," ते म्हणाले, "मी आल्यावर बघू."

आत्या म्हणाली, "आल्यावर काय वेगळं दिसणार हाय? पोरगी तीच असणार."

आणि मी, पंधरा वर्षांची विद्वान, मध्ये बोलले. "अण्णांची बॅग मी भरणार. तिथल्या हवेला काय लागतं ते मला कळतं. अण्णांना नुसती शिंक जरी आली ना, तर आत्या म्हणेल त्याच्याशी लग्न करीन. नाही आली, तर मला कॉलेजला घालायचं."

आत्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आईकडं. आईनं तांदळाकडं. "ऐकलंत ना सगळ्यांनी," आत्या म्हणाली आणि समाधानानं पान लावायला बसली. माणसानं स्वतःचं लग्न दुसऱ्याच्या नाकावर टांगावं, असं मी तरी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

मग मी गल्लीतून लोकर वसूल करत सुटले. माझा निळा स्वेटर उसवून अण्णांना गुडघ्यापर्यंत येतील असे मोजे विणले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगलाच लांब झाला, तेव्हा तो उजव्या पायाचा असं मी ठरवलं. आईची शाल गेली, शकूचा मफलर गेला, घरातली दोन्ही ब्लँकेटं गेली. पलीकडच्या गॅरेजवाल्या उस्मानचाचांनी मोटारसायकलवर घालायचे कातडी हातमोजे दिले. "ले जा बेटा," ते म्हणाले, "पण अण्णांना सांग, याला ग्रीसचा वास आहे, तिथल्या मडमांना हात नको लावू म्हणावं." सगळ्यात मोठा ऐवज गजराकाकूंकडं होता. त्यांचे मालक मिलिटरीच्या लंगरात स्वयंपाकी होते. ते गेले, पण त्यांचा खाकी बरानकोट खुंटीवर होता. गुडघ्याखाली येणारा, सतरंजीइतका जाड, उभा केला तर आपला आपण उभा राहील असा. काकू थंडीत तो अंगावर घालूनच धार काढायला जायच्या.

"काकू, द्या ना. तिथं बर्फ असतं."

"तू बघितलंस व्हय?"

"नकाशात आहे."

काकूंनी कोट खुंटीवरून काढला, झटकला, थोडा वेळ हातातच धरून ठेवला. "ह्यो हाय म्हनून मालक घरात हायती असं वाटतं मला. घिऊन जा. पर जसाच्या तसा माघारी आला पायजे. न्हाईतर तुला गोठ्यात झोपवीन."

विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते असं कंपनीतून कळलं होतं, म्हणून बॅग भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. ती जड भरली. भंगारवाल्यानं विचारलं, "लोखंड आहे का आत?" आता काहीतरी काढायचं होतं. अण्णा पुटपुटले, "तो कोट..." मी तिळाच्या चटणीचा डबा काढला. कोकमं काढली. आणि छत्री तर आडवी बसतच नव्हती, ती मी आईच्या हातात दिली. आई घरापर्यंत छत्री उघडून चालत आली, कडकडीत कोरड्या उन्हात, माझ्या बरोब्बर पुढं.

अण्णा गेले. आणि त्या वर्षी दिघीत जी थंडी पडली, तशी गजराकाकूंनाही आठवत नव्हती. पहाटे गवतावर दव पांढरं धरायचं. घागरीला हात लावला की झिणझिण्या. तेलाची बाटली उन्हात ठेवूनही ऐकेना. घरात पांघरायला धाबळीचा धागाही उरला नव्हता. आम्ही तिघी एकाच गोधडीत, वर बाजरीची रिकामी पोती, आणि शकू रात्रभर विचारायची, "आत्ता अण्णांना किती ऊब असेल गं?" गजराकाकू पहाटे दोन साड्या एकावर एक नेसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून म्हशीकडं जायच्या आणि माझ्या खिडकीखाली आल्यावर मुद्दाम मोठ्यानं दात वाजवायच्या. शाळेत जायला मला स्वेटर नव्हता. घरात वारं अडवणारं एकच कापड होतं, अण्णांचा कंपनीतून मिळालेला रेनकोट. तो पायघोळ रेनकोट घालून, ऐन पौषात, कोरड्या रस्त्यानं मी खसखस आवाज करत चालायचे. वर्गातल्या मुली मला पाऊस कधी पडणार ते विचारायच्या. मी म्हणायचे, वारं अडतं, शास्त्रीय आहे. नाक गळत असायचं.

परवा हे मी नातीला सांगत होते. ती पुण्याजवळच्या माणला आयटी कंपनीत आहे, बाराही महिने एसीत बसते आणि उन्हाळ्यात शाल घेऊन ऑफिसला जाते, त्यामुळं तिनं मला हसू नये. तिनं फोनवर पोर्तुगालची आणि इथली हवा शेजारी शेजारी काढून दाखवली. पहाटेचं तापमान दोन्हीकडं जवळपास सारखंच. "आज्जी, तू दोरा लावण्याआधी सरांना विचारलं नाहीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ज्याला सगळं येतं तो कशाला विचारेल.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंगणात शेकोटीशी बसलो होतो, आई तिळगुळाचा पाक बघत आतबाहेर करत होती, आणि फाटकात देशमानेकाका दिसले. अण्णांबरोबर गेलेले साचेघरातले सहकारी. त्यांचं शिक्षण कमी दिवसांचं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला दिसली ती फक्त त्यांच्या हातातली अण्णांची बॅग. आईच्या हातातला झारा तसाच राहिला. एक माणूस गेला, दुसराच माणूस त्याची बॅग घेऊन परत आला, याचा अर्थ आपल्याकडं एकच होतो. गजराकाकूंनी आईचा दंड धरला.

"वहिनी, सगळं ठीक आहे," देशमानेकाका घाईनं म्हणाले. "बसू द्या आधी. केवढी थंडी हो तुमच्याकडं. तिकडं नव्हती एवढी."

माझ्या कानात ते वाक्य शिरलं आणि आतच बसलं.

काकांनी बॅग उघडली. आत सगळी लोकर होती. ब्लँकेटं, शाल, हातमोजे, लांब-आखूड मोजे, घडी न मोडलेले. आणि सगळ्यात खाली बरानकोट, बुरशीचा वास मारणारा. "तिथं थंडी नाही वहिनी. पाऊस आहे. गेलो त्या दिवसापासून रोज पाऊस. दिवसा आपला श्रावण, ऊन-पाऊस, ऊन-पाऊस. रात्री आपल्या दिवाळीइतका गारवा. आणि उन्हाळ्यात म्हणे आपल्या फेब्रुवारीसारखं. बारा महिने हवा जागची हलत नाही. लोक स्वेटर घालतात आणि छत्री घेऊन फिरतात. आमच्याकडं छत्री नव्हती. अण्णा पहिले काही दिवस हा कोट घालून पावसात कामावर यायचे. कोट एवढा पाणी प्यायचा की दोघांनी धरून पिळायला लागायचा. वाळायला तर कधी वाळलाच नाही."

"शिंकले?" मी विचारलं.

"शिंकले काय, खोकल्यानं छाती भरलीय. दोन आठवडे झाले. तिथला साहेब म्हणतो, असाच आजारी राहिला तर परत पाठवतो, दुसरा माणूस बोलावतो. ते काही जात नाहीत, खोकत खोकत मशीनपाशी उभे राहतात. निरोप एवढाच दिलाय, हे सगळं घेऊन जा आणि छत्री पाठवा. परवा आमच्यातला आणखी एक जण निघालाय, त्याच्याबरोबर."

गजराकाकूंनी कोट उचलला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मालक हयातभर मिलिटरीत ऱ्हायले, पर त्यांना असं बुडवलं न्हवतं कुनी."

आई आत गेली. छत्री आणली, कोकमं आणली, तिळाची चटणी, ओव्याची पुरचुंडी, सुंठ. सगळं जुन्या धोतरात बांधलं. बांधताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग म्हणाली, "सुलू, हे पिंपरीला त्या माणसाच्या घरी तू देऊन ये. आणि वाटेत नकाशा बघू नको." रेनकोट खसखसवत, बगलेत छत्री मारून मी बसनं पिंपरीला गेले. रस्ताभर मी कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीकडं बघत होते. आयुष्यभर ती पेटी घरातल्या खुंटीवर दिसणार असं डोळ्यांसमोर येत होतं, आणि त्यापेक्षा मोठी भीती ही की अण्णा खोकत परत येतील आणि पुन्हा कानस धरतील. त्या दोन भीतींत मला जागा बदलून बदलून बसावं लागलं.

होळी झाली. दहावीची परीक्षा झाली. ऊन असं तापलं की म्हैस सावलीतून उठेना आणि आईची तेलाची बाटली पाण्यासारखी झाली. आत्या पुन्हा आली, या वेळी पत्रिका घेऊन. आणि एका भर दुपारी गल्लीच्या तोंडाला बस थांबली आणि अण्णा उतरले. थोडे वाळलेले, पण चालणं ताठ. डोक्यावर आईची काळी छत्री उघडलेली, बगलेत दुसरी, लांब, लाकडी मुठीची. आईनं पाठवलेली पोचेपर्यंत तिथं एक विकत घ्यावी लागली होती. "काय हे ऊन," आल्या आल्या ते म्हणाले, "माणसानं राहायचं कसं इथं?" गजराकाकू म्हणाल्या, "घ्या, साहेब झाला ह्यो."

खोकला उरला नव्हता. मशीन त्यांच्या ताब्यात मिळणार होतं. ते ऐकून आई आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली, तिचा आनंद तसाच असायचा.

पाणी पिऊन होईपर्यंत आत्यानं दम धरला. मग म्हणाली, "आता शिंक आली का न्हाई ते सांग."

मी पुढं झाले. इतक्या महिन्यांत मी युक्तिवाद तयार ठेवला होता. "शिंक थंडीनं नाही आली. पावसानं आली. मी थंडीची जबाबदारी घेतली होती."

"बघ," आत्या म्हणाली, "अजून बोलते. जिला श्रावणात बरानकोट घालायचं कळतं, तिला कॉलेजात पाठवून काय करायचं? भूगोल येतो म्हनं."

अण्णांनी दोन्ही छत्र्या मिटल्या, भिंतीला टेकवल्या. "अक्का," ते म्हणाले, "कंपनीनं मला तिकडं का पाठवलं? मला ते मशीन येत होतं म्हणून?"

"तुला कुठलं येतंय."

"येत नव्हतं म्हणूनच पाठवलं. हिलाही येत नाही. पाठवावं लागेल."

आत्यानं पत्रिका पिशवीत ठेवली, पण पान मात्र रागानं चावलं. मी तिथंच अंगणात बसले. आपल्याला काही येत नाही हे ऐकून मला इतका आनंद आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही. पुढं मी भूगोलच घेतला, भूगोलच शिकवला, आणि समुद्राकाठच्या हवेचा धडा आला की पोरांना आईचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

पण ते नंतर. त्या दुपारी अण्णांनी आणखी एकच अट घातली. "कॉलेजला जा," ते मला म्हणाले, "पण इथून पुढं या घरात कुणाची बॅग भरायची असेल तर ती तुझी आई भरेल."

आईनं दारातून हात पुढं केला. छत्र्या दोन्ही उचलल्या, आत नेल्या, आणि जाता जाता गजराकाकूंना म्हणाली, "कोटाचा वास गेला का हो?"

"ऊन चांगलं हाय," काकू म्हणाल्या. "पोरीला सांगा राखायला."

संध्याकाळपर्यंत मी दोरीवरच्या बरानकोटाशेजारी, उन्हात, आईनं आतून आणून दिलेल्या अण्णांच्या लाकडी मुठीच्या छत्रीखाली बसून होते.